कॅरिअरवरचा अर्धचंद्र

२४ जानेवारी

चिरंजीवास,

आशीर्वाद आहेतच. ते वेगळे लिहीत बसत नाही.

काल फोनवर अर्धा वेळ मी बोललो आणि उरलेला अर्धा वेळ तू ‘हं’ म्हणालास. त्यातलं कुठलं ‘हं’ म्हणजे हो आणि कुठलं म्हणजे नाही, हे तुझ्या काकूलाही सांगता आलं नाही. तिला तर तू पाळण्यात होतास तेव्हापासूनची तुझी भाषा कळते. म्हणून आता फोन बंद. मी लिहून विचारणार, तू लिहून उत्तर द्यायचं. ऑफिसात आम्ही असंच करतो. तोंडी बोललेलं हवेत जातं, कागद जागेवर राहतो. शाळा अर्ध्यात सोडलीस तरी लिहितोस बरं, हे मी पहिल्यापासून मानतो.

मुद्दा एकच. तुझ्या करिअरचं काय ठरवलंस?

इतके दिवस मी मध्ये पडलो नाही. पण आता ते असं लोंबकळत ठेवून चालणार नाही. पाया भक्कम पाहिजे, कारण पुढचं सगळं ओझं त्याच्यावरच पडणार. दुसऱ्याचं बघून तयार उचलून आणलेलं आपल्याला बसतंच असं नाही, हे मला मान्य. पण म्हणून घाईत काहीतरी जोडून मोकळाही होऊ नकोस. तोल सांभाळून विचार कर. किती भार पेलेल, लांबच्या पल्ल्याला टिकेल का, आणि मध्येच निखळलं तर काय करणार, हे सगळं सविस्तर लिही. मोघम उत्तर चालणार नाही.

तुझं पत्र आलं की माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती सांगेन.

तुझा काका

खाली दोन ओळी उरल्या आहेत त्यात मी. जेवतोस ना वेळेवर? यांनी पत्राचा कच्चा मसुदा आधी केला होता, मग हे पक्कं लिहिलं. तेव्हा नीट वाच. – काकू

*

३१ जानेवारी

ती. काकांना नमस्कार. काकूला दोन. एक नेहमीचा आणि एक ती पत्राच्या तळाशी अंग चोरून बसते त्याबद्दल.

पत्र मिळालं. खरं सांगतो, पाकीट आलं तसं दुपारपर्यंत फोडलंच नाही. तुम्ही लिहून विचारणार म्हटल्यावर नोटीस आल्यासारखं वाटलं. पण आत भलतंच निघालं. मोटारसायकल घेतल्यापासून तुम्ही तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. गाडीला कॅरिअर करतोय, असं मी फोनवर एकदाच, तेही पुटपुटत म्हणालो होतो. ते तुम्ही ऐकलंत, आणि त्यावर इतका खोलात जाऊन विचार केलात. पत्र मी गॅरेजच्या मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तुझ्या काकांनी गॅरेजात काम केलंय का रे कधी?” मला फार अभिमान वाटला.

एक बारीकशी गोष्ट आधीच सांगतो, राग मानू नका. तुम्ही घाईत ‘करिअर’ लिहिलंय. सामान ठेवायचं ते ‘कॅरिअर’, क वर अर्धचंद्र हवा. तुमचं अक्षर इतकं सुरेख आहे की त्यात एवढंसंही खटकतं.

आता तुमचे प्रश्न. पाया भक्कम हवा म्हणालात, तिथेच सगळं अडलं होतं. ही गाडी मुळात जुनी, जड, दोघांनी बसायची. माझ्या आधी ही ज्याची होती त्याने ती हौसेने कापून घेतली. सीटच्या मागे चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, एक वळलेला पाइप असतो, तोच उडवला. सीट एकट्यापुरती केली, मागचा मडगार्ड अर्धा ठेवला. दिसते झकास. पण कंपनीचं कॅरिअर ज्या पाइपला बसायचं तो पाइपच नाही. मागे नुसती हवा, आणि हवेत बोल्ट मारता येत नाही. म्हणून दुसऱ्याचं तयार उचलून आणलेलं बसत नाही हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बाजारातली तीन प्रकारची लावून बघितली, एकही बसलं नाही.

मालक म्हणाले, “दोन पाइप वेल्डिंग करून ठोक आणि सुट.” मी नाही म्हणालो. म्हणजे तोंडाने नव्हे, वेल्डिंगचा चष्मा लपवून ठेवला. जुन्या चासीचा पाइप आतून गंजून किती पातळ झालाय ते बाहेरून कळत नाही. त्याला आच दिली तर आज दिसणार नाही, पण कधीतरी शेजारीच तडा जाईल. शिवाय मला ती आणखी कापाकापी नकोच होती. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोणी चौकट केली. तिचं वरचं टोक धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या वरच्या बोल्टला, खालचं फूटरेस्टच्या बोल्टला, आणि मागचं एका आडव्या पट्टीने पलीकडच्या चौकटीला. गाडीला नवीन भोक एकही नाही. उद्या काढायचं म्हटलं तर पान्याने निघेल आणि गाडीला पत्ताही लागणार नाही.

या चौकटींना दोन्ही बाजूंनी लटकवायच्या बॅगा आधी पुठ्ठ्याच्या केल्या. खड्ड्यात चाक वर येतं तेव्हा ते बॅगेच्या आतल्या अंगाला घासता कामा नये. ते बघायला मालकांना सीटवर बसवून उड्या मारायला लावल्या. मालक वजनदार आहेत. पहिल्याच उडीत चाकाने पुठ्ठा खाल्ला. मग चौकट दोन बोटं बाहेर घेतली.

तोल सांभाळ म्हणालात, ते तर फारच नेमकं. उजवीकडे सायलेन्सर आणि किक, म्हणून उजवी बॅग उथळ करावी लागते, नाहीतर खालून भाजते आणि किक मारताना टाच आपटते. डावी खोल होऊ शकते. पण मग डावीत जास्त भरलं जाणार आणि गाडी एका अंगाला ओढणार. म्हणून जागा असूनही डावीसुद्धा उथळच करतोय. मालक म्हणाले, “जागा फुकट घालवणारा पहिलाच भेटलास.”

लांबच्या पल्ल्याचं म्हणाल तर पल्ला फार लांब नाही. शनिवारी दुपारी गॅरेज बंद होतं ते सोमवारी उघडतं. तेवढ्यात कुठेतरी जायचं, एक मुक्काम करायचा आणि परत. दोन शर्ट, टॉवेल, हत्यारांची गुंडाळी, जास्तीची केबल. एवढ्याचसाठी हे सगळं. मध्येच निखळलं तर काय, याचा मी बराच विचार केला. डबल नट लावलेत, वरून पट्टा आहे. तरी निखळलंच तर थांबायचं आणि उचलून घ्यायचं. याहून चांगलं उत्तर सुचलं नाही.

तुमच्या मनात एक गोष्ट आहे म्हणालात. बॅगा ताडपत्रीच्या की चामड्याच्या, असं काही असेल तर जरा लवकर कळवा. कापड लवकरच कापायला घेतोय.

तुमचा,
पुतण्या

*

८ फेब्रुवारी

चिरंजीव,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत.

हयातभर मी मसुदे लिहीत आलो. साहेब आले आणि गेले, पण माझ्या कागदात काना-मात्रेची चूक कुणी काढली नाही. ती तू काढलीस. आणि तीही नसलेली!

करिअर म्हणजे करिअर. पोटापाण्याचं, भवितव्याचं, माणूस म्हणून उभं राहण्याचं. त्याच्यावर अर्धचंद्र नसतो. तुला अर्धचंद्रच हवा असेल तर माझ्याकडे दुसरा आहे. तो मानगूट धरून देतात.

तुझ्या आयुष्याचं काय, असं मी विचारलं आणि तू मला सायलेन्सर सांगितलास. तुझे मालक उड्या मारतात ते सांगितलंस. ही थट्टा असेल तर माझं वय थट्टेचं नाही. थट्टा नसेल तर त्याहून वाईट, कारण मग तुझ्या डोक्यात दुसरं काही शिल्लकच नाही असा अर्थ होतो.

आता मनातली गोष्ट. आमच्या गोदामात स्टोअरकीपरची जागा निघाली आहे. साहेबांपुढे मी कधी कुणासाठी तोंड उघडलं नव्हतं, स्वतःच्या बढतीसाठीही नाही. तुझ्यासाठी उघडलं. ते म्हणाले, “तुमचा पुतण्या म्हणजे नीटनेटका असणारच.” मी म्हणालो, “नीटनेटका म्हणजे काय, खिळेसुद्धा लांबीप्रमाणे लावून ठेवतो.” हे खरं आहे की नाही? मग गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठ टेकून पडायला तुझा जन्म आहे का? इथे सावलीत टेबल आहे, कपाटं आहेत, महिन्याचा पगार आहे. घर आहे. तुझी खोली आहे.

१ मार्चला, सोमवारी, हजर व्हायचं. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत सामान बांधून इथे ये. मोटारसायकल विकून टाक. विकली गेली नाही तर मालकांना देऊन टाक, ते उड्या मारतील.

तुझा काका

तुझं पत्र यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. अर्धचंद्रापाशी आवाज फुटला. मला हसू आलं, ते पदर लावून लपवलं. मला विचारशील तर तुम्ही दोघंही एकाच वळणाचे. नोकरी चांगली आहे रे. आणि चामड्यापेक्षा ताडपत्री बरी, भिजली तरी वास येत नाही. – काकू

*

१५ फेब्रुवारी

ती. काकांना आणि काकूला नमस्कार.

थट्टा नव्हती. एवढं एक खरं माना. मी शब्दकोशात बघितलं. तुमचं बरोबर, माझं चूक. म्हणजे कॅरिअर मी बरोबर लिहिलं होतं, पण तुम्ही ज्याबद्दल विचारत होता ते वेगळं होतं आणि त्याचं लेखन तुम्ही लिहिलंत तेच आहे. तुमचं पहिलं पत्र परत वाचलं तेव्हा कानशिलं तापली. मालकांना अजून सांगितलेलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अजून सांगतात की याचे काका मोठे जाणकार आहेत.

मला वाईट एवढंच वाटलं, की तुम्ही गाडीबद्दल विचारलं नव्हतंत.

साहेबांशी तुम्ही माझ्यासाठी बोललात. तुम्हाला ते किती जड गेलं असेल ते मला कळतं. मला दुकानदाराकडे सुटे पैसे परत मागायलाही जड जातं.

इकडची खबर म्हणजे बॅगा झाल्या. ताडपत्रीच्याच केल्या. ट्रकची हूडं शिवणारे एक काका आहेत, त्यांनी मशीन दिली पण शिवायला बसले नाहीत. म्हणाले, “तू शेजारी उभा राहून टाके मोजणार, त्यापेक्षा तूच बस.” मी बसलो. कोपरे तीनदा उसवून शिवले. पहिल्या फेरीत उजवीचा तळ सायलेन्सरच्या आचेने तपकिरी झाला. मध्ये पत्रा घातला, पत्रा आणि बॅग यांच्यात हवा खेळायला फट ठेवली. आता हात लावला तर कोमट लागते, एवढंच.

दुसरी फेरी त्याहून वाईट गेली. सीटच्या मागे आडवी छोटी पिशवी बांधली होती आणि हत्यारं तीत टाकली. उतारावर हँडल नाही नाही करायला लागलं. जीव मुठीत धरून गाडी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. जड सामान चाकाच्या आसापेक्षा मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. हे मला ठाऊक होतं, तरी सोय बघितली. आता हत्यारं बॅगांच्या पुढच्या कप्प्यात, माझ्या टाचेजवळ. आडव्या पिशवीत फक्त टॉवेल.

तुम्ही म्हणता तसं सामान बांधतोय. शनिवारी, २७ तारखेला, संध्याकाळपर्यंत पोचतो. काकूला म्हणावं जेवायला थांबू नको, उशीर झाला तर काळजी करू नको, आणि मी हळू चालवतो.

तुमचा,
पुतण्या

*

२ मार्च

मायना घालत नाही.

तू गेलास तेव्हा मी कुठे होतो, माहीत आहे? साहेबांकडे. रविवार असून, इस्त्रीचा शर्ट घालून. “पुतण्या आला आहे, संध्याकाळी तुम्हाला भेटवतो,” असं सांगायला. त्यांनी चहा दिला. परत आलो तर फाटकापाशी तुझी काकू एकटी उभी, आणि रस्त्यावर तेलाचा थेंब.

शनिवारी तू आलास तेव्हा मी गल्लीतल्या चारचौघांना सांगितलं, आला एकदाचा सामान घेऊन. सगळे बघायला आले. तू त्यांना बॅगा उघडून दाखवल्यास, पत्रा दाखवलास, फट दाखवलीस. मी म्हटलं, दाखवू दे, शेवटचंच आहे. जेवताना मी तुला गोदाम समजावून सांगितलं, कपाटं, कुलपं, आवक-जावक. तू ‘हं’ म्हणालास. किती वेळा म्हणालास! मी तुझी खोली झाडून घेतली होती. कपाटातला कप्पा रिकामा केला होता. सकाळी उघडून बघितला तर त्यात तुझा एक शर्ट. एकच! मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला वाटलं, बाकीचं हळूहळू काढेल.

‘सामान बांधतोय’ असं तू लिहिलंस. मी ते ऑफिसात वाचून दाखवलं. मसुदे करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि मला एका वाक्याने बनवलंस. शाबास. स्टोअरकीपर कशाला, तुला तर माझ्याच टेबलावर बसवायला हवं होतं.

संध्याकाळी साहेब स्वतः दारात आले. म्हणाले, “कुठे आहेत तुमचे चिरंजीव?” ‘पळून गेला’, एवढंच म्हणता आलं नाही मला. पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलाय, असं सांगितलं. या वयात मला खोटं बोलायला लावलंस.

साहेब भला माणूस. जागा १५ तारखेच्या सोमवारपर्यंत धरून ठेवली आहे. तोपर्यंत आलास तर घर तुझं, झालं गेलं विसरलो. नाही आलास तर पत्र पाठवू नकोस. आणि ते डबडं घेऊन माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

काका

*

९ मार्च

ती. काकांना नमस्कार.

मी येणार नाही.

हे वाक्य आधीच लिहून टाकलं, नाहीतर चौथ्या पानापर्यंत मी सायलेन्सरच सांगत बसलो असतो. याचे दोन अर्थ होत नाहीत. तीनदा वाचून खात्री केली. मी स्टोअरकीपरच्या नोकरीला येणार नाही. १५ तारखेला नाही आणि नंतरही नाही. साहेबांना जागा मोकळी करायला सांगा, आणि त्यांना सांगताना दोष माझ्यावर टाका, पोटदुखीवर नको.

सामान बांधतोय असं लिहिलं तेव्हा तुम्ही काय समजाल हे मला ठाऊक होतं. करिअरच्या वेळी चुकलं होतं, या वेळी मुद्दाम लिहिलं. ते वाईट झालं. कारण एवढंच, की समोर आलो की बोलेन असं मला वाटलं होतं. शनिवारी आल्यापासून ते वाक्य जिभेवर घेऊन फिरलो. जेवताना काढणार होतो, तेवढ्यात तुम्ही कपाटांच्या किल्ल्यांबद्दल सांगायला लागलात आणि इतके खुशीत होतात. मग तुम्ही खोली दाखवलीत. कप्प्यात नवा कागद अंथरला होतात, कडा दुमडून. तो बघितल्यावर माझ्या तोंडून काही निघणं शक्यच नव्हतं. एक शर्ट ठेवला तो त्या कागदासाठी. रविवारी तुम्ही बाहेर पडलात आणि मला एवढंच सुचलं की आत्ता निघालो नाही तर कधीच निघणार नाही. काकूला बोल लावू नका. ती “थांब, त्यांना येऊ दे” म्हणत होती. मी तिच्या हातून फाटक सोडवून घेतलं.

चोरासारखा गेलो, कबूल. पण गेलो ते बरोबर गेलो.

तुम्ही विचारलं होतंत की दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठ टेकून पडायला जन्म आहे का. काका, स्टोअरकीपरचं काम मी हलकं मानत नाही. मला ते जमणार नाही असंही नाही. मला ते फार चांगलं जमेल, आणि त्याचीच मला भीती वाटते. मी खिळे लांबीप्रमाणे लावणारा माणूस आहे. मला टेबल दिलं, कपाटं दिली, प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी लावायला सांगितली, तर मी तिथे बसेन तो बसेनच. कुणी काही विचारणार नाही, मला कुणाला नाही म्हणावं लागणार नाही, आणि तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा लोक म्हणतील, पुतण्या अगदी काकांसारखा. मी घाबरट आहे हे तुम्हाला माहीत आहे. घाबरट माणसाला सावलीतली खुर्ची देऊ नये. तो उठत नाही.

इथे मला रोज काही ना काही बिघडलेलं समोर येतं. कुणीतरी कापून ठेवलेली, जोडून ठेवलेली, अर्धवट सोडलेली गाडी. तिला तयार काही बसत नाही आणि मला त्यावर काहीतरी काढावंच लागतं. चुकलं तर हँडल थरथरून लगेच सांगतं. मला हेच हवंय. हे कुणाला करिअर वाटत नसेल तर न वाटो. मला वाटतं.

तुमच्याकडून परत येताना पेट्रोल पंपावर एक बाई भेटल्या. जनावरांच्या डॉक्टर आहेत. त्यांचीही गाडी अशीच जुनी, आणि अशीच मागून कापलेली. मला म्हणाल्या, “हे कुठून घेतलंत?” मी म्हणालो, “घेतलं नाही, केलं.” आणि काका, मग मी बोलतच सुटलो. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवेपर्यंत बोललो. एकही ‘हं’ नाही. त्यांना सुट्टीच्या दिवशी औषधांची पेटी न्यायची असते, ती हिंदकळता कामा नये आणि तापताही कामा नये. परवा त्या गाडी घेऊन गॅरेजात आल्या. मालक तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, वेल्डिंग होणार नाही, भोक पाडणार नाही, वेळ लागेल. मालकांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, “याला कंठ फुटला वाटतं.” त्यांनी मागचा कोपरा मला दिलाय. तिथे सध्या जुने टायर आहेत, ते हलवतोय.

हे चालेलच असं नाही. त्या बाईंचं काम करून झालं की दुसरं कुणी येईल की नाही, मला माहीत नाही. फसलो तर फसलो असं तुम्हाला याच अक्षरात लिहून कळवीन. पण त्या वेळीही गोदामात जागा आहे का, असं विचारणार नाही.

तुम्ही मला आणखी दोन गोष्टी करू नकोस म्हणालात. पत्र पाठवू नकोस. ते तर आत्ताच पाठवतोय. आणि दारात येऊ नकोस. २० तारखेला शनिवार आहे. दुपारी गॅरेज बंद झालं की निघतो, संध्याकाळपर्यंत पोचतो. याच गाडीवरून, याच बॅगा लावून. एक मुक्काम करणार आणि रविवारी जेवून परत जाणार, आणि या वेळी तुम्ही समोर असताना, तुम्हाला सांगून जाणार. दार लावून घेतलंत तर पायरीवर बसेन. माझ्याकडे टॉवेल आहे, डोक्याखाली घ्यायला बॅग आहे. पुढच्या महिन्यातही येईन, त्याच्या पुढच्याही.

तुम्ही मला वाढवलंत. त्या बदल्यात मी तुमच्या गोदामात बसलो नाही म्हणून मी तुमचा पुतण्या राहत नाही, असं तुम्ही ठरवलं असेल, तर ते मला मान्य नाही. तुमचं म्हणणं मी आजवर सगळं ऐकलं. हे ऐकणार नाही.

तुमचाच,
पुतण्या

*

१६ मार्च
(कार्डावर)

जागा काल दुसऱ्या मुलाला दिली. साहेबांना खरं ते सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी मी घरी नसेन, मुद्दाम नसेन. पायरीवर बसू नकोस, गल्लीला तमाशा नको. किल्ली काकूकडे आहे, खोली उघडी करून देईल. गाडी अंगणात घे, रस्त्यावर ठेवू नकोस. रविवारी जेवायला मी आहे. काय सांगायचं ते तेव्हा तोंडाने सांग.

माझं मत बदललेलं नाही.

काका